संमती कोणाची, सोय कोणाची?

मोबाइलचे सिमकार्ड घेताना आपण एक करार करीत असतो, ही गोष्ट बहुसंख्य ग्राहकांच्या गावीही नसते. दुकानदार आधार क्रमांक विचारतो, यंत्रावर बोट ठेवायला सांगतो, एक छायाचित्र काढतो आणि थोड्याच वेळात फोन सुरू होतो. तेवढ्या अवधीत ग्राहकाने कंपनीच्या किती अटींना मान्यता दिली, त्या कोणत्या भाषेत होत्या, त्या पुढे बदलण्याचा अधिकार कोणी आपल्याकडे राखून ठेवला, हे ग्राहक विचारीत नाही आणि दुकानदार सांगत नाही. दुकानदाराला तरी ते कोठे ठाऊक असते! पुढे केव्हातरी खात्यातून पैसे कापले जातात, न मागितलेली सेवा गळ्यात पडते, किंवा चालू असलेली सेवा बंद होते. ग्राहक विचारणा करतो, तेव्हा त्याला उत्तर मिळते की, आपण याला संमती दिली होती.

या ‘संमती’चा विचार आज करावयाचा आहे. आमच्या काही कार्यकर्त्यांना हा विषय मध्यमवर्गीयांच्या किरकोळ कुरबुरीतला वाटण्याचा संभव आहे. मजुरी, जमीन, पाणी यांचे लढे चालू असताना टेलिफोनच्या बिलाची चर्चा कशाला, असे ते विचारतील. त्यांनी आपल्या तालुक्यातील परिस्थिती एकवार डोळ्यांपुढे आणावी. गॅसचे अनुदान, भविष्यनिर्वाह निधी, बँकेतील शिल्लक, पीकविम्याचा अर्ज, मुलाच्या शिष्यवृत्तीचा निरोप, हे सारे आज त्या दहा आकडी क्रमांकाच्या दारातून आत येते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा फोन मधल्या काळात बंद पडला, तर नुसते बोलणे बंद होत नाही. ओटीपी येत नाही आणि ओटीपी नाही म्हणून स्वतःचाच पैसा स्वतःला मिळत नाही. देशात शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्या आहेत. एवढ्या प्रचंड संख्येने होणारा दुसरा कोणताही लेखी करार या देशात नसेल आणि इतका न वाचलेला करारही दुसरा नसेल.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. १८७२ चा भारतीय करार कायदा इंग्रजांनी व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी केला. त्याला कोणी समाजवादी म्हणणार नाही. तरीही त्याच्या १३ व्या कलमात संमतीची जी व्याख्या आहे ती विचार करण्याजोगी आहे. दोन पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तरच ती संमती. पुढच्याच कलमात म्हटले आहे की, दबाव, गैरवाजवी प्रभाव, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांतून आलेली संमती मुक्त समजली जाणार नाही. आता इंग्रजीतील बारीक टाइपाचा मजकूर आणि तो न वाचता बोट ठेवणारा सालगडी यांच्यात ‘एकाच अर्थाने’ काय घडले असेल? कंपनीच्या लेखी ती ग्राहकाची सर्व अटींना मान्यता असते. सालगड्याच्या लेखी ती सिम सुरू करण्याची क्रिया असते. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या आणि नोंद मात्र एकच झाली.

हा केवळ शब्दांचा कीस नाही, हे २०१७ साली देशाला चांगलेच कळून चुकले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात दूरसंचार खात्याने परिपत्रक काढून सर्व चालू मोबाइल जोडण्यांची आधारद्वारे फेरपडताळणी करावी असा हुकूम दिला. सक्ती सरकारची होती. ती अमलात आणण्याचे काम मात्र कंपन्यांच्या हाती दिले गेले. लोक रांगा लावून बोटे टेकवू लागले. त्याच सुमारास एअरटेल कंपनीच्या पेमेंट्स बँकेने देशभर काम सुरू केले होते. पाहता पाहता लक्षावधी मोबाइल ग्राहकांची या बँकेत खाती उघडली गेली. त्यांच्यापैकी कित्येकांना आपण सिमची पडताळणी करून घेत आहोत एवढेच माहीत होते. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवर संमतीच्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. ग्राहकाने ती काढली नाही, म्हणजे त्याने ती केली, असा हा न्याय!

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. आधारशी जोडलेले सरकारी अनुदान कोणत्या खात्यात जावे, हे ठरविण्याची पद्धत अशी होती की, ज्या बँक खात्याशी आधार सर्वात शेवटी जोडला गेला तिकडे पैसे वळत. त्यामुळे नवे खाते उघडताच गॅसचे अनुदान जुन्या बँकेतून निघून या अनोळखी खात्यात जाऊ लागले. घरातील बाई बँकेत जाऊन पासबुक भरून घेते, अनुदान जमा नाही म्हणून गॅस एजन्सीकडे जाते, एजन्सी म्हणते पैसे गेले, बँक म्हणते आले नाहीत. तिसऱ्याच ठिकाणी आपल्या नावाचे खाते आहे, ही शंका तिच्या मनात येण्याचे काहीही कारण नव्हते. एकतीस लाखांच्या आसपास ग्राहकांचे सुमारे १९० कोटी रुपये अशा रीतीने अडकले व ते मूळ खात्यांत परत करण्याचे कंपनीने मान्य केले, असे डिसेंबर २०१७ च्या बातम्यांत नमूद आहे. त्याच महिन्यात आधार प्राधिकरणाने कंपनीचा व तिच्या बँकेचा इलेक्ट्रॉनिक पडताळणीचा परवाना तात्पुरता स्थगित केला. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला; ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना खाती उघडल्याच्या तक्रारींवरूनच ती चौकशी झाली होती. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये आधारच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फेरपडताळणीचे ते मूळ परिपत्रकच रद्द ठरविले.

पाच कोटींचा दंड झाला हे ठीकच झाले. पण ज्या बाईने चार वेळा एजन्सीत आणि तीन वेळा बँकेत हेलपाटे घातले, त्या दिवसांची मजुरी बुडविली, तिला त्या दंडातले काय मिळाले? दंड सरकारी खजिन्यात गेला. अनुदान तिचेच होते, ते तिला परत मिळाले. नुकसानभरपाई हा शब्द या सबंध प्रकरणात कोठे फारसा ऐकू आला नाही. आपल्या नियंत्रण-व्यवस्थेचे हे एक व्यंग आहे. ती अपराध्याला टोचते, परंतु ज्याचा अपराध झाला त्याच्याकडे पाहत नाही.

एअरटेलचे प्रकरण मोठे म्हणून गाजले. लहान प्रमाणावर हाच व्यवहार त्याआधी कितीतरी वर्षे चालला होता. कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा धावफलक, विनोद आणि भक्तिगीते अशा ‘मूल्यवर्धित सेवा’ ग्राहकाच्या नकळत सुरू होत आणि शिलकेतून रोज रुपया-दोन रुपये किंवा महिन्याला तीस-चाळीस रुपये गळत. रक्कम इतकी लहान की तक्रार करण्याचा खर्च तिच्याहून जास्त. आणि ग्राहक इतके की कंपनीच्या दृष्टीने ही गळती म्हणजे नदीच! दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ आणि पुन्हा १० जुलै २०१३ रोजी निर्देश देऊन अशा सेवेसाठी दुहेरी संमती आवश्यक केली: एकदा मागणी, आणि नंतर किंमत व मुदत कळविल्यावर पुन्हा स्पष्ट होकार. सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांना मिळून १५५२२३ हा एकच निःशुल्क क्रमांक ठरविला गेला. हा निर्देश चांगला होता आणि त्याने उपद्रव कमीही झाला, हे मान्य केले पाहिजे. संमती ही काढून घेण्याची नव्हे, विचारण्याची गोष्ट आहे, हे तत्त्व त्यात नियमाच्या भाषेत उतरले. पण तो क्रमांक आपल्या गावातील किती लोकांना ठाऊक आहे? कार्यकर्त्यांनी आपल्याच घरात हा प्रश्न विचारून पाहावा.

जाहिरातीच्या तळाशी ‘अटी लागू’ असे दोन शब्द छापण्याची रीत पडली आहे. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य मोठे चमत्कारिक आहे. त्यात कर्ता नाही, क्रियापद नाही. कोणी लागू केल्या, कोणावर, केव्हापर्यंत, याचा पत्ता नाही. ताऱ्याची एक खूण वर, आणि हे दोन अनाथ शब्द खाली. या दोन शब्दांच्या पोटात काय काय मावते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘आजीवन’ योजना. २००५-०६ च्या सुमारास कंपन्यांनी हजार रुपयांच्या आतबाहेर किंमत घेऊन आयुष्यभर येणारे कॉल मोफत, अशा योजना विकल्या. लोकांनी, विशेषतः ज्यांना फोन करण्यापेक्षा फोन घेण्याची गरज अधिक अशा गरीब लोकांनी, त्या घेतल्या. हे आयुष्य कोणाचे, असा प्रश्न निघाला तेव्हा नियामकांनी खुलासा केला की, ते ग्राहकाचे आयुष्य नसून कंपनीच्या परवान्याचे आयुष्य होय. तेही असो. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी येणारे कॉल चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्जची अट घातली. सुरुवातीला ती २८ दिवसांना ३५ रुपयांची होती. शिल्लक असूनही फोन बंद करण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा नोव्हेंबर २०१८ मध्ये प्राधिकरणाला हस्तक्षेप करून सांगावे लागले की, खात्यात पुरेशी शिल्लक असलेल्या ग्राहकाची सेवा तोडू नका. ज्याने आयुष्यभराचे म्हणून पैसे दिले त्याची नव्या अटीला संमती केव्हा घेतली, हे कोणी विचारले नाही. न विचारण्याचे कारण उघड होते: करारातच कंपनीने अटी बदलण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला होता, आणि त्या अधिकारालाही ग्राहकाची ‘संमती’ होती!

अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याचे गौडबंगालही याच जातीचे. वर्षाचे दिवस ३६५; अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने त्यात तेरा रिचार्ज बसतात. आपल्या पंचांगात अधिकमास सुमारे तीन वर्षांतून एकदा येतो, कंपन्यांच्या पंचांगात तो दरवर्षी येतो आणि त्याचे दानही त्यांनाच जाते. ओरड झाल्यावर प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पुऱ्या तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवावी. कंपन्यांनी आदेशातील अक्षर पाळले. एकेक योजना ठेवली आणि बाकीची दुकानदारी अठ्ठावीस दिवसांचीच राहिली.

या संदर्भात डिसेंबर २०२४ च्या आदेशाचा मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून बटणांचा साधा फोन वापरतात, असे प्राधिकरणाने त्या वेळी म्हटले होते. त्यांना इंटरनेट नको असते, पुष्कळांच्या फोनवर ते चालतही नाही. तरीही बाजारात बहुतेक योजना इंटरनेटसह विकल्या जात असल्यामुळे त्यांना न वापरायच्या वस्तूची किंमत भरावी लागत असे. शेंगदाणे हवे असलेल्या माणसाला काजूसकटच पुडी घ्यायला लावण्याचा हा प्रकार. केवळ बोलणे व लघुसंदेश यांचे वेगळे व्हाउचर द्या, असा आदेश निघाला. त्याबरोबरच अशा व्हाउचरांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ही व्हाउचरे आणली ती ८४ दिवसांची आणि वर्षाच्या जवळपासची. ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास रुपये एकरकमी. रोजंदारीवर जगणाऱ्याला महिन्याचे लहान व्हाउचर हवे होते. त्याला तिमाहीचे मिळाले. सवलतीची मुभा जेथे दिली तेथे तिचा उपयोग कोणी करून घेतला, हे पाहण्यासारखे आहे.

ग्राहकाला पटत नसेल तर त्याने दुसऱ्या कंपनीकडे जावे, क्रमांक न बदलता जाण्याची सोय आहेच, असे उत्तर यावर ठरलेले असते. हे उत्तर काही वर्षांपूर्वी अर्धे तरी खरे होते. तेव्हा एकेका परिमंडळात डझनभर कंपन्या होत्या. आज तीन खासगी कंपन्या आणि एक आजारी सरकारी कंपनी एवढाच पर्याय आहे. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढविले. त्या वेळी एका कंपनीचा अमर्याद बोलण्याचा सर्वात स्वस्त २८ दिवसांचा पॅक १७९ वरून १९९ वर गेला. इतरांकडे वळावे तर तेथेही तीच वाढ. तिन्ही दुकानांच्या पाट्या एकसारख्या असल्यावर दुकान निवडण्याच्या स्वातंत्र्याला कितीसा अर्थ उरतो?

येथे एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे टीकाकार ती सांगतील. टेलिफोन सरकारी मक्तेदारीत होता तेव्हा ग्राहकाची संमती विचारली जात होती असे मुळीच नाही. तेव्हा जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. बिल चुकीचे आले तरी आधी भरा आणि मग बोला, असा शिरस्ता होता. आणि खात्याच्या नियमांपुढे नागरिक हा अर्जदार होता, करारातला समान पक्ष कधीच नव्हता. खासगी कंपन्यांच्या स्पर्धेने फोन स्वस्त झाला आणि शेतमजुराच्या हातात आला, हेही खरे आहे. परंतु वस्तू स्वस्त असणे आणि ती घेताना फसवणूक न होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्वस्त धान्य दुकानात वजनात मारले तर चालेल, असे कोणी म्हणत नाही.

सरकारी मक्तेदारीच्या त्या काळाने एक वारसा मात्र ठेवला आणि खासगी कंपन्यांनी तो मोठ्या प्रेमाने वापरला. १८८५ च्या तार कायद्यात ७-ब हे कलम होते. तार प्राधिकाऱ्याशी झालेला वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाईल व त्याचा निर्णय अंतिम राहील, असा त्याचा आशय. केरळमधील एका वर्गणीदाराचा फोन सरकारी खात्याने तोडला. ग्राहक मंचाने त्याला भरपाई देवविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने म्हटले की, विशेष कायद्यात उपाय असताना ग्राहक मंचाचे दार बंद आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या तिसऱ्याच कलमात, हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना मारक नाही, असे म्हटलेले असताना हा निकाल आला. मग काय विचारता! खात्याविरुद्धच्या वादातला हा निकाल खासगी कंपन्यांनी आपल्या प्रत्येक तक्रारीला ढालीसारखा पुढे केला. वास्तविक त्या कंपन्या ‘तार प्राधिकारी’ नव्हेत, असा खुलासा खुद्द दूरसंचार खात्याने २०१४ मध्ये केला होता.

परिणाम असा झाला की, ग्राहकाला चारी दिशांनी नकार मिळू लागला. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. दूरसंचार न्यायाधिकरणाच्या कक्षेतून व्यक्तिगत ग्राहकाची तक्रार १९९७ च्या कायद्यानेच वगळली आहे. का, तर ती ग्राहक मंचाकडे जावी म्हणून. मंच म्हणतो लवादाकडे जा. लवाद सरकारने नेमावयाचा. आणि खासगी कंपनीच्या बाबतीत तो नेमता येतो की नाही हाच वाद. राहता राहिली कंपनीची स्वतःची यंत्रणा: प्रथम तक्रार केंद्र, नंतर अपील प्राधिकारी. हा अपील प्राधिकारी कंपनीनेच नेमलेला असतो. २०१२ च्या विनियमाने त्याला ३९ दिवसांची मुदत घातली आणि सल्लागार समितीत ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी बसविला, तरी आरोपी आणि न्यायाधीश एकाच छपराखाली राहिले.

हा कोंडमारा फुटायला बारा-तेरा वर्षे लागली. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे सरासरी मासिक बिल ५५५ रुपये असताना २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याला २४,६०९ रुपयांचे बिल आले. त्याने क्रेडिट कार्डावरून आपोआप बिल भरण्याची व्यवस्था केलेली होती. सोयीसाठी दिलेल्या संमतीचा अर्थ केवढा विस्तारतो, पाहा. २०१४ मध्ये तो जिल्हा मंचात गेला. कंपनीने बिल बरोबर की चूक यावर बोलण्याऐवजी, मंचाला अधिकारच नाही, असा पवित्रा घेतला आणि हा एक मुद्दा जिल्ह्यातून राज्य आयोगाकडे, तेथून राष्ट्रीय आयोगाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात नेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की, ग्राहक मंचाला अधिकार आहे. म्हणजे २२ हजार रुपयांच्या भरपाईची मागणी ऐकावी की ऐकू नये, हे ठरायला आठ वर्षे गेली. या ग्राहकाच्या चिकाटीचा लाभ आज देशातील प्रत्येक ग्राहकाला मिळत आहे. तार कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क अबाधित राहील, असे लिहिले गेले.

दार उघडले, पण ते कोणासाठी आणि किती? इथे आम्हाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधावयाचे आहे, कारण तिची चर्चा फारशी झालेली नाही. छापील, एकतर्फी करारांचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. विधी आयोगाने १९८४ मध्ये आपल्या १०३ व्या अहवालात अन्यायकारक अटी रद्द ठरविण्याचे कलम करार कायद्यात घालावे, अशी शिफारस केली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात सांगितले की, एका बाजूला सौदा करण्याची शक्तीच नाही आणि पुढे केलेल्या कागदावर सही करण्यावाचून गत्यंतर नाही, अशा स्थितीत झालेला विवेकशून्य करार न्यायालय उचलून धरणार नाही. तो खटला नोकरीच्या अटींचा होता, पण त्यातील तत्त्व मोबाइलच्या कराराला तंतोतंत लागू पडते. अखेर पस्तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा कायद्यात आली: कारण नसताना एकतर्फी करार तोडणे, नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, ग्राहकावर गैरवाजवी बोजा वा अट. हे स्वागतार्हच होते. मात्र अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येणार नाही. ती राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागेल, अशी योजना त्याच कायद्यात आहे. भामरागडच्या माणसाने आपल्या १९९ रुपयांच्या करारातील अट अन्याय्य आहे, असे म्हणण्यासाठी राज्य आयोगाच्या पायऱ्या चढाव्यात! पैसे जास्त कापले, अशी तक्रार त्याला जिल्ह्यात करता येते. पैसे कापू देणारी अटच चूक आहे, ही तक्रार मात्र करता येत नाही. हक्क कायद्यात लिहिला आणि त्याची किल्ली दूरच्या शहरात ठेवली.

यात बदल करणे अवघड नाही आणि त्यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधण्याचीही गरज नाही. संमती कशी असावी हे संसदेने २०२३ मध्येच, व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यात, लिहून ठेवले आहे. ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी. ती देणाऱ्याच्या स्पष्ट कृतीतून दिसावी. तिच्यासाठीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी. आणि सर्वात महत्त्वाचे हे की, वाद निघाल्यास सूचना दिली होती व संमती मिळाली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे. (याच कायद्याने माहितीच्या अधिकाराला जी कात्री लावली त्याविषयी आम्ही स्वतंत्रपणे लिहू.) ग्राहक प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी निषिद्ध केले; त्यांत ग्राहकाच्या टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे हेही आहेत. मग आमचा प्रश्न साधा आहे. ग्राहकाची माहिती घेताना जी संमती लागते ती त्याचे पैसे घेताना का लागू नये? माहितीच्या बाबतीत पुराव्याचा भार कंपनीवर, आणि पैशाच्या बाबतीत मात्र मी संमती दिली नव्हती हे ग्राहकाने सिद्ध करावयाचे, ही विसंगती दूरसंचार प्राधिकरणाने विनियमात दुरुस्ती करून काढली पाहिजे. प्रत्येक सेवेसाठी वेगळी संमती, ग्राहकाच्या भाषेत, किंमत व मुदत आकड्यांत सांगून. तिची नोंद ग्राहकाला मागताच विनामूल्य मिळावी. नोंद दाखविता आली नाही तर रक्कम दामदुपटीने परत. आणि अन्याय्य करारांची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा, यासाठी संसदेतील आमच्या व मित्रपक्षांच्या सदस्यांनी दुरुस्ती विधेयक आणावे.

महाराष्ट्रात ग्राहकाच्या प्रश्नावर रस्त्यावर येण्याची परंपरा कोणी नव्याने शिकवावयास नको. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो स्त्रिया लाटणी घेऊन निघाल्या होत्या. पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. त्या काळी तेल, रवा, साखर डोळ्यांना दिसत होती आणि साठेबाजाचे गोदाम बोटाने दाखविता येत होते. आजची लूट रुपया-दोन रुपयांनी, न दिसता होते, आणि तिचे गोदाम कोणत्याच गल्लीत नसते. म्हणून येथे मोर्चाआधी हिशेब लागतो.

तो हिशेब शाखांनी येत्या महिन्यापासून सुरू करावा. प्रीपेड ग्राहकाला मागील सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशील मागण्याचा हक्क २०१२ च्या विनियमाने आहे. त्यासाठी पन्नास रुपयांहून अधिक आकार घेता येत नाही आणि तो तीस दिवसांत द्यावा लागतो. नव्या योजनेत दाखल झालेल्या ग्राहकाला सहा महिने त्याचे नुकसान होईल असा दरबदल लावता येत नाही, हा नियम २००६ पासूनचा आहे. वस्तीतील पंचवीस-तीस माणसांचे असे तपशील मागवावेत, त्यांत न मागितलेल्या सेवा शोधाव्यात. तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. उत्तर पटले नाही तर तीस दिवसांत अपील करावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक प्रत्येक रिचार्जच्या दुकानाबाहेर मराठीत लिहून लावावा. जिल्हा आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. एकाच कंपनीविरुद्ध एकाच स्वरूपाच्या दहा तक्रारी एका दिवशी दाखल झाल्या, तर त्यांचे गांभीर्य आयोगालाही जाणवेल आणि कंपनीच्या वकिलालाही. ज्या शाखांनी असे तपशील गोळा केले असतील त्यांनी नावे वगळून, रक्कम, सेवा आणि तारीख एवढ्याच नोंदींसह ते आमच्याकडे पाठवावेत. ते एकत्र करून प्राधिकरणापुढे व राज्याच्या ग्राहक संरक्षण मंत्र्यांपुढे ठेवण्यात येतील.